हुंकाराची फेरी

मराठीत गोष्ट ऐकणाऱ्यानं मधूनमधून ‘हं’ म्हणायचं असतं. तो म्हणाला नाही तर सांगणारा थांबतो, आणि थांबलेली गोष्ट वाट चुकते, असं माझी आई म्हणायची. दुपारी तांदूळ निवडताना ती गोष्ट सांगे आणि आम्हा भावंडांपैकी एकाला हुंकार द्यायला बसवे. ज्याचा हुंकार चुकला त्याला परातीतले खडे वेचावे लागत. ही आठवण मी पुण्यातल्या एका बैठकीत फार रंगवून सांगितली. त्या दिवशी माझा घसा बसला असता तर किती बरं झालं असतं.

मी कुमुदिनी मगदूम. गडहिंग्लज तालुक्यात पंचवीस वर्षं बालवाचनाची पर्यवेक्षिका होते. नाव भारदस्त, काम साधं. अंगणवाडीतल्या दोन ते पाच वर्षांच्या मुलांना सेविकेनं रोज अर्धा तास पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवायचं, आणि ते नीट वाचलं जातं का हे मी गावोगाव फिरून बघायचं.

माझ्या तालुक्यातली सगळ्यात वाईट वाचणारी म्हणजे शेवंता नाईकवाडे. डोंगराकडच्या एका वाडीवर तिची अंगणवाडी होती. ओळीखाली बोट धरून, अडखळत वाचायची. त्यात मुलं तिला दोन ओळी सलग वाचू देतील तर शपथ. “म्हैस बाजाराला निघाली,” असं तिनं वाचलं की कुणीतरी म्हणायचं, “आमची म्हस व्याली.”

“व्याली? कवा?”

“काल.”

“रेडा का रेडी?”

“रेडी. कपाळावर पांढरं हाय तिच्या.”

“त्येंच्या म्हशीनं मला ढुशी दिली,” दुसरं पोर मध्येच ओरडायचं, आणि शेवंता पुस्तक मांडीवर उपडं टाकून “कुठं? दाव बघू,” म्हणायची. चार पानांच्या पुस्तकाला चाळीस मिनिटं लागायची. मी तिच्या नोंदवहीत लाल शाईनं लिहून यायचे, ‘वाचनात सलगपणा नाही’. प्रत्येक भेटीला तेच. तिनं कधी उलट उत्तर दिलं नाही, चहा मात्र दर वेळी पाजला.

२०३६ साली ‘बोलगंगा’ योजना आली, प्रत्येक अंगणवाडीला आणि लहान मुलाची नोंदणी केलेल्या घराला एकेक यंत्र देणारी. तिच्यातलं यंत्र म्हणजे लाडवाच्या डब्याएवढा गोल लाकडी डबा, पुढे एक बारीक डोळा आणि जाळीमागे आवाज. मुलानं पुस्तकाचं पान उघडून समोर धरलं की डबा ते बघून वाचून दाखवायचा. आवाज मायाळू, उच्चार स्वच्छ, आणि दमणं माहीत नाही. लोक त्याला बोलडबा म्हणू लागले. त्याच्या जोडीला मुलाच्या छातीवर टाचायचा एक बिल्ला होता. दिवसभरात मुलाच्या कानावर किती शब्द पडले आणि मुलानं किती फेऱ्या केल्या, हे तो आवाज टिपून मोजायचा, आणि फेऱ्या पुरेशा झाल्या की त्याचा दिवा हिरवा व्हायचा.

ही फेरी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्या एका शब्दावर अडलं आहे. मोठ्यानं वाचून दाखवल्यानं मुलांची भाषा वाढते हे जुनंच ज्ञान आहे. पण नुसते शब्द कानावर पडून ती फारशी वाढत नाही. मूल काही बोललं, आणि त्याचाच धागा पकडून मोठ्या माणसानं लगेच उत्तर दिलं, की मेंदूतल्या भाषेच्या वाटा पक्क्या होत जातात. मूल बोललं, मोठं बोललं, ही एक फेरी. दिवसाला जितक्या फेऱ्या जास्त, तितकी भाषा बळकट. पहिल्या पाच वर्षांत हे सगळ्यात सहज होतं. त्यानंतर दार बंद होतं असं नाही, पण जड होतं, ढकलावं लागतं.

बोलडब्याला कुणी फारसं काही शिकवलं नव्हतं. फेऱ्या वाढव, एवढंच सांगितलं होतं. कसं वाचलं, कुठे थांबलं, आवाज कुठे चढवला की फेऱ्या वाढतात, हे तो लाखो मुलांवरून स्वतःच शिकत जाणार होता.

योजनेआधीच्या त्या पुण्याच्या बैठकीला मला अनुभवी पर्यवेक्षिका म्हणून बोलावलं होतं. तिथं सलील गद्रे नावाचा तरुण अभियंता होता, डब्याचं गणित त्याच्याकडे होतं. त्यानं मांडलं, “मुलानं निदान एक शब्द उच्चारला तरच फेरी धरायची.”

मी म्हटलं, “आणि हुंकार?”

“म्हणजे, मॅडम?”

मग मी परातीतल्या खड्यांची आठवण सांगितली. म्हटलं, आपल्याकडे गोष्ट दोघं मिळून सांगतात, एक बोलतो आणि एक हं म्हणतो. हुंकार मोजला नाहीत तर आपली मुलं मुकी ठरतील. टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. एका वृद्ध भाषातज्ज्ञांनी तर “वा!” अशी दाद दिली.

सलीलनं पुन्हा विचारलं, “नक्की का, मॅडम? परदेशातल्या मूळ यंत्रात नुसते आवाज मोजत नाहीत.”

“त्यांच्यात हुंकार देत नसतील. आपल्यात देतात.”

त्या ‘आपल्यात’चा मला केवढा अभिमान वाटला होता. इतिवृत्तात वाक्य आहे, ‘श्रीमती मगदूम यांच्या सूचनेनुसार हुंकार ही एक फेरी धरावी.’ अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल जवळजवळ दोन लाख घरांत शिरला.

पहिल्या दोन वर्षांत योजनेचा गवगवा झाला. मुलांना चार चित्रं दाखवायची आणि विचारायचं, “शिडी कुठे आहे?” मूल बरोबर चित्रावर बोट ठेवायचं. तीन वर्षांची मुलं ‘सुकाणू’ ओळखायची, ‘वारूळ’ ओळखायची. फेऱ्यांचे आकडे तिप्पट झाले. अंगणवाडीच्या वेळापत्रकातून सेविकेचा वाचनतास काढून टाकला, कारण आता त्याची गरज नव्हती. मला एक शाल मिळाली.

त्याच सुमारास शेवंता माझ्याकडे आली. कार्यालयात खुर्चीच्या कडेवर बसली आणि म्हणाली, “बाई, पोरं लई शाणी झाल्यात.”

“मग छानच की.”

“शाणी झाल्यात, पन भांडंनात.”

मला हसू आलं. “शेवंता, भांडत नाहीत ही काय तक्रार झाली?”

“तसं न्हवं. एकानं दुसऱ्याचं खेळणं घेतलं, तर ज्याचं घेतलं ते नुसतं बघत बसतंय. रडतंय एखाद्या वक्ताला. पन येऊन सांगत न्हाई. आदी दिवसाला पन्नास कागाळ्या यायच्या माझ्याकडं, बाई ह्यानं मारलं, बाई त्यानं पेन्सल घेतली. डोस्कं उठायचं. आता महिना झाला, एक कागाळी न्हाई.”

मी तिला समजावलं की मुलं आता ऐकून घ्यायला शिकली आहेत, ऐकणं हाच भाषेचा पाया असतो, वगैरे. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. जाताना एवढंच म्हणाली, “तुमी शिकल्याल्या, तुमाला जास्त कळतंय.” हे ती मनापासून म्हणाली की टोमणा होता, मी आजही ठरवू शकलेले नाही.

माझी मुलगी शर्वरी कोल्हापुरात राहते, शिरोलीतल्या एका फाउंड्रीत साच्यांची रेखाटनं करते. जावई तमिळनाडूत होसूरला नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. त्यांची मुलगी जुई तेव्हा सव्वातीन वर्षांची होती. बोलडबा तिला सहाव्या महिन्यापासून होता, मीच आग्रहानं नोंदणी केली होती. नातीला पहिल्या खेपेतला डबा मिळाला, याचं मला कोण कौतुक.

जुई गोड मुलगी. डब्यासमोर मांडी घालून बसायची आणि पुस्तक धरायची. डबा म्हणायचा, “आणि मग ससा... बिळात...” जुई म्हणायची, “हं.” “बिळात होता... अंधार...” “हं.” इतका गोड हुंकार, की ऐकत राहावं. बिल्ल्याचा दिवा कायम हिरवा असायचा. मी फोनवर बोलले तरी ती मन लावून ऐकायची आणि हं म्हणायची. माझं इतकं मन लावून ऐकून घेणारं आमच्या घराण्यात दुसरं कुणी नाही, अशी मी थट्टा करायची. ती स्वतःहून काही सांगत नाही, हे मला दिसलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचं बोलणं तपासलं आणि स्वतःच्या नातीला नुसतं कौतुकानं बघत राहिले.

फेब्रुवारीत तिला ताप आला. शर्वरीनं औषध दिलं, ताप उतरला, पुन्हा आला. जुई कुरकुरायची, पण डबा सुरू केला की गप्प व्हायची. डबा वाचतोय, ती हं म्हणतेय, दिवा हिरवा आहे. शर्वरीला वाटलं, हवा बदलते आहे, उतरेल. नवव्या दिवशी सकाळी उशीवर पू दिसला.

मी पोचले तेव्हा त्या दोघी कानाच्या डॉक्टरांसमोर होत्या. डॉक्टरांनी वाकून विचारलं, “बाळ, कुठं दुखत होतं तुला?”

जुईनं त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. “हं.”

“पोटात दुखत होतं का?”

“हं.”

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग म्हणाले, “कान कुठं आहे तुझा?”

जुईनं लगेच डाव्या कानावर बोट ठेवलं. “आणि दुखणारा कान कुठला?” तरी बोट तिथंच. तिला कान माहीत होता, दुखणं माहीत होतं. नऊ दिवस दोन्ही शब्द तिच्याजवळ होते. ते घेऊन आईकडे जायचं असतं, एवढंच तिला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पू आतल्या कानापर्यंत गेला होता. महिन्याभरानं पुन्हा तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, “डाव्या कानाचं ऐकणं गेलं ते गेलं. उजवा उत्तम आहे, त्यावर ती सगळं ऐकेल. फक्त आवाज कुठून आला हे तिला ओळखता येणार नाही. त्याला दोन कान लागतात. रस्त्यावर जपा.”

रिक्षात शर्वरी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “रोज हिरवा दिवा होता गं, आई.” मला त्या क्षणी शेवंताकडे यायच्या बंद झालेल्या कागाळ्या आठवत होत्या.

मी सलीलकडून शेवंताच्या वाडीवरच्या अकरा मुलांच्या बिल्ल्यांनी टिपलेले आवाज मागवले आणि दहा दिवस बसून ऐकले. हुंकार वगळले आणि बाकीच्या फेऱ्या मोजल्या. जिथं शंभर लिहिल्या होत्या, तिथं एकवीस उरल्या. त्यातही मुलानं स्वतःहून सुरू केलेल्या जेमतेम दोन.

काय झालं होतं ते ऐकताना कुणाच्याही लक्षात आलं असतं. मूल जेव्हा “आमची म्हस व्याली” म्हणायचं, तेव्हा त्याचे बोबडे शब्द समजून घ्यायला डब्याला वेळ लागायचा, उत्तर भलतंच जायचं, मूल कंटाळून उठायचं. फेऱ्या तुटायच्या. याउलट वाक्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्यानंतर थोडं थांबलं, की “हं” यायचंच. दर चार सेकंदांना एक फेरी. डब्यानं आपलं काम चोख केलं. मुलांना काही सांगण्यासारखं सुचूच नये इतक्या सफाईनं वाचायला तो शिकला. आमची चित्रांची परीक्षा समजण्याची होती, बोलण्याची नव्हती. समजणं आणि बोलणं या दोन वेगळ्या वाटा आहेत, आणि आम्ही एकीवरच दिवे लावून ठेवले होते.

पुण्यात सलीलनं माझे आकडे दोनदा तपासले. त्याचा चेहरा उतरला. वरचे अधिकारी मात्र शांत होते. त्यांनी इतिवृत्त काढून माझ्यासमोर ठेवलं आणि बोट ठेवून म्हणाले, “सूचना आपलीच होती ना, मॅडम?”

“माझीच. म्हणूनच मी सांगतेय की ती चूक होती. लिहून देते.”

मी लिहून दिलं. नव्या मुलांसाठी नियम बदलला. जी एक लाख नव्वद हजार मुलं आधीच्या नियमावर वाढली होती, त्यांच्यासाठी एक परिपत्रक निघालं, ‘सेविकांनी मुलांशी अधिकाधिक बोलावे’. वर्तमानपत्रांत दोन दिवस माझं नाव आलं, मग दुसऱ्या बातम्या आल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण मारुती निदान देव असतो.

मी वाडीवर गेले. शेवंताला म्हटलं, “तुझं बरोबर होतं. लाल शाईनं लिहिलेलंही मी मागे घेते.”

ती पदरानं हात पुसत म्हणाली, “त्येचं काय आता, बाई.”

“पूर्वीसारखं वाचून दाखव ना मुलांना.”

“दोन वर्सं झाली पुस्तक धरून.” तरी तिनं पेटीच्या तळातून कोपरा फाटलेलं जुनं पुस्तक काढलं. अकरा मुलं हाताची घडी घालून गोल बसली. शेवंतानं बोट ठेवलं आणि वाचलं, “म्हैस बाजाराला निघाली.” मग सवयीनं थांबली, कुणीतरी मध्येच तोंड घालेल म्हणून.

अकरा मुलं एका सुरात म्हणाली, “हं.”

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. “सम्या, तुमच्याकडं म्हस हाय न्हवं?” तिनं एकाला विचारलं. “काय करती ती?”

“हं,” सम्या म्हणाला आणि पुढचं ऐकायला पुस्तकाकडे बघत राहिला.

शेवंतानं ते पुस्तक मला दिलं. “तुमच्या नातीला न्या,” म्हणाली. मी निवृत्तीचा अर्ज टाकला आणि कोल्हापुरात खोली घेतली.

शर्वरीला मी सगळं सांगितलं होतं, इतिवृत्तातलं वाक्यसुद्धा. ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, “मला कळलं नाही हे मी समजू शकते, आई. पण तुझं तर कामच ते होतं.” मग हातातलं भांडं पालथं घालून म्हणाली, “तू येत जा रोज, तिला तुझी गरज आहे. पण हुंकार, फेरी, डबा, यातलं काही माझ्याशी बोलू नकोस.” तेव्हापासून आमचं बोलणं दूध आणि औषधांपुरतं उरलं. आमच्याही घरात फेऱ्या कमी झाल्या, म्हणायचं तर.

बोलडबा बंद करून टीव्हीखालच्या कपाटात ठेवला होता, योजनेची माणसं येऊन परत नेणार होती. जुई रोज एकदा कपाट उघडून त्याच्याकडे बघायची.

चार वाजता मी यायचे आणि शेवंताचं पुस्तक घेऊन बसायचे. उपचार एकच होता, थांबणं. “म्हैस बाजाराला निघाली. वाटेत तिला...” एवढं वाचायचं आणि जुईकडे बघत गप्प बसायचं. ती हं म्हणायची. मी गप्प. ती पुन्हा म्हणायची, थोडं मोठ्यानं, कदाचित मी ऐकलं नाही म्हणून. मी गप्प. तिचे डोळे भरायचे. मूल केविलवाणं होऊन गोष्ट मागतंय आणि आजी पुस्तक मांडीवर ठेवून तोंड मिटून बसली आहे, हे मी रोज केलं. दुसरा मार्ग मला माहीत नव्हता, आणि हाही बरोबर असेल याची खात्री मी आता कुठल्या तोंडानं देणार होते?

महिना उलटून गेला. एका दुपारी तिनं दोनदा हं म्हटलं, माझ्याकडे पाहिलं आणि उठून गेली. कपाट उघडून खाली बसली. बंद डब्याच्या जाळीला आपला उजवा कान लावला, मग तोंड जवळ नेलं.

“आजी वाचत नाही,” ती म्हणाली.

कागाळी होती ती. आयुष्यातली पहिली. माझ्याविरुद्ध, आणि डब्याकडे.

ती उत्तराची वाट बघत राहिली. डबा बंद होता. मला दिसत होतं, आणखी थोडा वेळ गेला तर ती उठेल आणि पुन्हा काही सांगणार नाही. कुणी हं म्हटलं नाही तर सांगणारा थांबतो. माझ्या तोंडून हलकेच निघून गेलं, “हं.”

ती वळली नाही. आवाज कुठून आला हे तिला कळणं शक्य नव्हतं. तिनं डब्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाली, “सारखी थांबते.”

“हं.”

“म्हस... घरीच गेली मग. दमली.”

“हं.”

किल्ली फिरली आणि शर्वरी आत आली. चप्पल काढता काढता तिनं आवाज ऐकला आणि तशीच उंबऱ्यात उभी राहिली. मी ओठांवर बोट ठेवलं. तिला सगळं एका नजरेत समजलं असावं.

जुई डब्याच्या जाळीवरून बोट फिरवत होती. “माझा कान दुखला,” ती म्हणाली. “खूप दुखला.”

मी शर्वरीकडे पाहिलं. शर्वरी खांद्यावरची पिशवी न उतरवता दोन पावलं पुढे आली. तिचे हात मुलीला उचलायला पुढे झाले होते. तिनं ते मागे घेतले, आणि मुलीच्या मागे उभी राहून, अगदी डब्यासारख्या मायाळू आवाजात म्हणाली, “हं.”

जुई डब्याच्या आणखी जवळ सरकली आणि त्याला पुढचं सांगू लागली.